शून्य क्लोरीनची सकाळ

१

मंगळवारी सकाळी सव्वासहाला शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या प्रयोगशाळेत तीन बाटल्या आल्या आणि साडेसहाला तिथल्या मुलीच्या तोंडचं पाणी पळालं.

काम रोजचंच होतं. मुख्य नळाचं पाणी घ्यायचं, त्यात थोडं आम्ल, चिमूटभर आयोडाइड आणि स्टार्चचं पाणी घालायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असला की रंग निळा होतो. जितका क्लोरीन जास्त तितका रंग गडद, एवढा साधा हिशेब. केंद्रात सगळे जिला लॅबताई म्हणत त्या मुलीने ही निळाई रोज सकाळी पाहिली होती. त्या दिवशी पाणी कोरंच राहिलं. तिने पहिली बाटली दोनदा तपासली, मग दुसरी तपासली. निळ्याचा मागमूस नाही. तिसरी बाटली नियमाप्रमाणे लाख लावून कपाटात ठेवली आणि फोन उचलला.

पाण्यात क्लोरीन शून्य, म्हणजे रात्रभर जंतूंना मोकळं रान. सात वाजता शहराचं पाणी बंद झालं. रुग्णालयाने शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, शाळांना सुट्टी मिळाली, गल्लोगल्ली गाडी फिरवून 'साठवलेलं पाणी उकळून घ्या' म्हणून सांगितलं गेलं. केंद्राच्या उपअभियंत्याने तर नवे नमुने घेण्याआधीच टाक्यांत ब्लीचिंग पावडर ओतायला लावली. लोकांच्या जिवाशी खेळ नको, म्हणाला. आणि आठ वाजता रात्रपाळीच्या माणसाच्या हातात निलंबनाचा कागद पडला.

हा माणूस एकतीस वर्षं केंद्रात क्लोरीन सोडत आला होता. गावात त्याला नाककाका म्हणत. पेलाभर पाणी नाकाखाली धरून त्यात किती क्लोरीन आहे ते तो सांगायचा आणि लॅबताईच्या तपासणीत तेच निघायचं. निवृत्तीला महिना राहिला होता. चौकशीत दोषी ठरला तर बडतर्फ होणार होता, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीचा शेवट 'कामावर झोपला' या दोन शब्दांत होणार होता.

२

चौकशीसाठी मुख्यालयातून जे साहेब आले, ते याच गावचे. मुख्यालयात त्यांचा दरारा वगैरे असेल, पण गावात त्यांना ओळखणारी निम्मी माणसं त्यांना अजून डुलकी म्हणत. शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला डोळा लागायचा म्हणून पडलेलं नाव. माणूस मोठा होतो, नाव काही मोठं होत नाही. आपणही त्यांना तेच म्हणू.

डुलकीला गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत अहवाल द्यायचा होता. त्याच दिवशी सकाळी नऊला त्याने नाककाकांना समोर बसवलं. उंच, वाळका माणूस, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर रुमाल.

"काका, त्या रात्री झोपला होतात का?"

"नाही साहेब."

"क्लोरीन सोडला होता?"

"दर तासाला सिलिंडरचं वजन लिहिलंय. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत वजन उतरत गेलंय."

"ते तुमच्याच अक्षरात आहे. घरी बसूनही लिहिता येईल, असं म्हणतात लोक."

"म्हणू देत."

"पाण्याचा वास घेतला होता? तुमच्या नाकावर तर सगळ्या केंद्राचा भरवसा."

नाककाकांनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.

"वास घेतला होता, पण आला नाही," ते म्हणाले. "शनिवारपासून सर्दी आहे. साहेब, साबणाचासुद्धा वास येत नाही मला. मी क्लोरीनची चावी नीट फिरवली असं मला वाटतं. पण आता तीन दिवस तेच डोक्यात घोळतंय, की खरंच फिरवली होती, की हात सवयीने फिरला आणि डोकं भलतीकडेच होतं? तुम्ही माझ्या विरुद्ध लिहिलंत तरी मी रागावणार नाही. फक्त मला खरं काय ते कळू दे."

डुलकीने बरेच आरोपी पाहिले होते. सुटका मागणारे सगळेच असतात. खरं कळू दे म्हणणारा हा पहिलाच होता, आणि त्याच्या विरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा त्याने आत्ताच स्वतःच्या तोंडाने दिला होता.

३

कागदपत्रांत 'आयोडाइड', 'स्टार्च', 'मुक्त क्लोरीन' असे शब्द होते आणि प्रत्येक शब्दागणिक डुलकीला जांभई येत होती. दहा वाजता त्याने फायली काखोटीला मारल्या आणि गावात ज्या एकाच बाईंपाशी याचा उलगडा होता, त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

आयोडीनबाईंनी छत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. बोटांची टोकं कायम तपकिरी, म्हणून हे नाव. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी बोटं तशीच.

"डुलक्या! जागा आहेस का?"

"आहे बाई. अडचणीत आहे."

त्याने सगळं सांगितलं. बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी खिडकीतून तीन बंद काचनळ्या आणून टेबलावर ओळीने ठेवल्या. पहिलीत फिकट हिरवट-पिवळा वायू, दुसरीत गडद तांबूस द्रव, तिसरीत काळे चकचकीत खडे. बाईंनी तिसरी नळी नुसती मुठीत धरली तर खड्यांवर जांभळी वाफ तरळायला लागली.

"क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. आणि यांच्यावरचा थोरला फ्लोरीन, त्याला मी घरात घेत नाही. तो कुणाशीही भांडतो. सगळी हॅलोजन भावंडं. प्रत्येकाकडे बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन, आणि प्रत्येकाला आठवा हवा. वरून खाली ये, रंग गडद होत जातो आणि हाव कमी होत जाते. थोरला धाकट्याच्या हातातलं हिसकावून घेतो. धाकट्याला थोरल्याचं कधीही घेता येत नाही. एवढं लक्षात ठेवलं असतंस तर काठावर पास झाला नसतास."

त्यांनी नळ्या हलवल्या तसे रंग हलले. या पाठाला आपण झोपलो कसे, असा प्रश्न डुलकीला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पडला. इतकी देखणी गोष्ट त्याच्यासमोर बाकावर पडलेली होती आणि तो हातावर डोकं टेकून घोरत होता.

"आता सांग, लॅबताईच्या बाटलीत निळा रंग येतो कसा?"

डुलकीने नळ्यांकडे पाहिलं. "आयोडाइडमधल्या आयोडीनकडे इलेक्ट्रॉन असतो. क्लोरीन थोरला, तो हिसकावतो. आयोडीन मोकळं पडतं. आणि स्टार्चला आयोडीन भेटलं की निळं होतं."

"शाब्बास. मग निळं झालं नाही, याचा अर्थ काय?"

"पाण्यात क्लोरीन नव्हता."

"चूक," बाई म्हणाल्या. "निळं झालं नाही याचा अर्थ शेवटी मोकळं आयोडीन उरलं नाही, एवढाच. का उरलं नाही याला दोन कारणं असू शकतात. सगळ्यांनी पहिलं धरलं आणि एका भल्या माणसाला घरी बसवलं."

"आणि दुसरं कारण?"

"चपला घाल. चालता चालता विचार कर. आणि ती लाखेची बाटली कुणी धुऊन ठेवायच्या आत आपल्याला तिथे पोचायला हवं."

४

बाटली सुखरूप होती. लॅबताईने कपाट उघडून दाखवलं. तिचे डोळे सुजले होते. "तपासणी चुकली नाही माझी," ती म्हणाली. "देवाशपथ सांगते. पण काकांनी क्लोरीन सोडला नाही असं माझ्या तोंडून निघत नाही."

बाईंनी तिला एवढंच विचारलं, की इथे बाटल्या किती प्रकारच्या असतात.

"दोन. दिसायला एकसारख्याच. साध्या बाटल्या क्लोरीन तपासायला. दुसऱ्या जंतू तपासायला. त्या वाफेवर निर्जंतुक करते, बुचावर कागदाची टोपी दोऱ्याने बांधते आणि या कपाटात कुलपात ठेवते."

"जंतूंच्या किती आहेत?"

लॅबताई घुटमळली. "नऊ. बारा केल्या होत्या असं मला वाटत होतं. मीच चुकीचं मोजलं असेन."

"किल्ली कुणाकडे?"

"एक माझ्याकडे. एक यंत्रसाहेबांकडे."

यंत्रसाहेब म्हणजे तोच उपअभियंता. त्याने तीन वर्षं खपून क्लोरीन आपोआप सोडणारं एक यंत्र बसवलं होतं, म्हणून हे नाव. ते यंत्र आवारात प्लास्टिकच्या आवरणाखाली उभं होतं. नाककाकांनी ते महिनाभर चालवून पाहिलं होतं आणि 'झडप उशिरा बंद होते, ताबा घेऊ नये' असा शेरा मारून सही नाकारली होती. हे डुलकीला फायलीत सापडलं होतं.

डुलकी आणि बाई क्लोरीनच्या खोलीकडे गेले. मंगळवारी सकाळपासून बंद असलेला सिलिंडर अजून वजनकाट्यावर होता. डुलकीने आकडा पाहिला. नाककाकांच्या वहीतल्या शेवटच्या आकड्याशी तो तंतोतंत जुळत होता.

"म्हणजे रात्रभरात दहा किलो क्लोरीन सिलिंडरमधून गेला हे नक्की," तो म्हणाला. "पण यंत्रसाहेबांचं म्हणणं आहे की तो पाण्यात न जाता हवेत गळला असेल."

"दहा किलो?" बाई दारापाशी वाकल्या. उंबऱ्याला लागून जमिनीवर कुंड्यांची रांग होती, पानं हिरवीगार. कुंड्यांच्या सावलीत एक मांजर पोट वर करून झोपलं होतं. "क्लोरीन हवेपेक्षा जड. गळला की जमिनीवर पसरतो, खोलगट जागेत साचतो. दहा किलो इथे गळला असता तर ही पानं पांढरी पडली असती आणि हे मांजर आपल्याला असं लोळताना दिसलं नसतं. शिवाय हे बघ."

दारामागे एका काठीला कापूस गुंडाळला होता, शेजारी अमोनियाची बाटली. नाककाकांची जुनी रीत. अमोनियात बुडवलेला बोळा सांध्यासांध्यावरून फिरवायचा, जिथे क्लोरीन गळत असेल तिथे पांढरा धूर निघतो. वहीत दर दोन तासांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सर्दी आहे, नाकावर भरवसा नाही. बोळा फिरवला. धूर नाही.'

डुलकीने ते दोनदा वाचलं. आपलं नाक बंद आहे हे ओळखून त्या रात्री या माणसाने नेहमीपेक्षा दुप्पट काळजी घेतली होती. आणि आपण नीट काम केलं की नाही, याचीच शंका घेत तो आता घरी बसला होता.

"सिलिंडरमधून गेला, हवेत गेला नाही," डुलकी म्हणाला. "मग पाण्यातच गेला!"

"गेला. मग बाटलीत तो का नाही दिसला?"

५

उत्तराचा पहिला तुकडा त्यांना अनपेक्षित ठिकाणी मिळाला. यंत्रसाहेब जागेवर नव्हता, म्हणून ते त्याच्या केबिनबाहेर थांबले. आत काचेची मत्स्यपेटी होती. दिवा चालू, बुडबुडे चालू, पण मासा एकही नाही.

"मासे कुठे गेले?" डुलकीने सहज विचारलं.

केबिनच्या दाराशी बसलेल्या शिपाईमामांचा चेहरा पडला. "मेले साहेब, मंगळवारीच. सातही. माझ्याच हातून मेले."

"ते कसे?"

"दर मंगळवारी पाणी बदलतो. नळाचं पाणी बादलीत घ्यायचं आणि साहेबांनी दिलेल्या बाटलीतले दहा थेंब टाकायचे. साहेबांनीच शिकवलंय, थेंबांनी क्लोरीन मरतो, नाहीतर मासे मरतात. त्या दिवशी पाणी भरायला गेलो तर लॅबताई रडत होती, पाण्यात क्लोरीनच नाही म्हणून. मी म्हटलं, मग थेंब कशाला वाया घालवा? बंद करायच्या आत बादली भरली आणि तशीच ओतली. तासाभरात सगळे पोट वर करून तरंगायला लागले."

"साहेब काय म्हणाले?"

"भडकलेच. म्हणाले, थेंब का नाही टाकलेस? मी म्हटलं, साहेब, पाण्यात क्लोरीन नव्हता ना. तर त्यांनी एकदम दार लावून घेतलं."

बाईंनी डुलकीकडे पाहिलं. डुलकीने बाईंकडे पाहिलं. टेबलावर थेंबांची छोटी बाटली होती आणि तिच्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती: हायपो.

दुसरा तुकडा नमुनेवाल्याकडे होता. हा गृहस्थ पहाटे सायकलवरून फिरून नळांचं पाणी भरून आणायचा. बोलायला फटकळ.

"माझ्यावर काही आणू नका. रात्री टोपली तयार मिळते, पहाटे भरायची, इथे आणायची. बारा वर्षं हेच."

"टोपली रोज कोण देतं?"

"लॅबताई ठेवून जाते. सोमवारी यंत्रसाहेबांनी दिली."

"भरताना काही वेगळं घडलं?"

"काय घडणार? उलट कष्ट वाचले. रोज बाटली त्याच नळाच्या पाण्याने तीनदा विसळतो, मग भरतो. लॅबताईचा नियम आहे. सोमवारी साहेब म्हणाले, या धुतलेल्या आहेत, विसळत बसू नकोस, नुसत्या भर. तळाशी पांढरट काहीतरी सुकलेलं दिसत होतं, पण साहेबांपुढे आपण शहाणपणा कशाला करा?"

डुलकी इतका वेळ टिपणं घेत होता. आता त्याचं पेन थांबलं. सकाळपासून पहिल्यांदाच बाईंनी काही विचारायच्या आत त्याला उत्तर सुचलं होतं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "जंतूंच्या बाटलीत तुम्ही लोक काही टाकता का?"

"तेच तुझ्या तोंडून ऐकायला थांबले होते," बाई म्हणाल्या. "चार वाजता सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलाव. काकांनासुद्धा."

६

चार वाजता प्रयोगशाळेत सहा माणसं जमली. नाककाका दाराजवळच्या स्टुलावर बसले, अंग चोरून, जणू ही खोली आता आपली नाही. यंत्रसाहेब खिडकीत उभा होता. चाळिशीचा, नीटनेटका, हुशार माणूस. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "ती बाटली उघडून उपयोग नाही. दोन दिवसांत क्लोरीन तसाही उडून जातो. आणि रसायनशास्त्राचं नि माझं कधी जमलं नाही, हे आधीच सांगतो."

"क्लोरीन शोधायचाच नाहीये मला," बाई म्हणाल्या.

त्यांनी दोन काचपात्रांत स्टार्चचं पाणी घेतलं आणि दोन्हींत आयोडीनचे थेंब सोडले. दोन्ही पात्रं शाईसारखी निळी झाली. लॅबताईने क्लोरीनचा कणही नसलेलं ऊर्ध्वपातित पाणी दिलं. बाईंनी ते पहिल्या पात्रात ओतलं. निळं थोडं फिकटलं, पण निळंच राहिलं.

"पाण्यात क्लोरीन नुसता नसता तर असं झालं असतं. आयोडीनला कुणी हात लावला नसता." त्यांनी लाख फोडली आणि मंगळवारच्या बाटलीतलं तेवढंच पाणी दुसऱ्या पात्रात ओतलं.

निळा रंग गेला. विरत वगैरे नाही, एका क्षणात गेला. पात्रात स्वच्छ पाणी उरलं.

"हायपो," लॅबताई पुटपुटली, आणि तिने कपाळावर हात मारला.

"हायपो," बाई म्हणाल्या. "जंतू मोजायच्या बाटलीत चिमूटभर घालतात. कारण नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जंतूंना मारत राहिला तर नळाच्या पाण्यात मुळात किती होते ते कळणार नाही. म्हणून हायपो भरताक्षणी क्लोरीनला संपवतो. उरलेला हायपो आयोडीन दिसलं की त्यालाही संपवतो. या बाटलीत क्लोरीनच काय, कुठलाच हॅलोजन टिकणार नव्हता. नळात क्लोरीन होता. बाटलीने खाल्ला." त्यांनी हात पुसले आणि खुर्चीत बसल्या. "पुढचं हा सांगेल. माझा विद्यार्थी आहे."

आपल्या नोकरीत डुलकीला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

"ही चूक लॅबताईचीही असू शकते," यंत्रसाहेब घाईने म्हणाला. "बाटल्या तिच्या. घाईत जंतूंच्या भरल्या असतील टोपलीत."

"शक्य आहे," डुलकी म्हणाला. "किल्ली दोघांकडे होती. पण टोपली देताना 'विसळू नकोस' असं सांगितलं तुम्ही. बाटली साधी असेल तर विसळल्याने काय बिघडणार होतं? तिच्यात काहीतरी आहे आणि ते राहायलाच हवं, हे माहीत असलेला माणूसच तसं सांगेल. लॅबताईने चुकून भरल्या असत्या, तर तुम्ही नेहमीसारखं विसळू दिलं असतं, हायपो धुऊन गेला असता आणि निळा रंग आला असता."

"मी सहज म्हणालो असेन. मला काय माहीत हायपो काय करतो ते?"

"तुमच्या माशांना माहीत होतं."

शिपाईमामांनी मान खाली घातली. डुलकीचा आवाज चढला नाही, उलट थोडा उतरला.

"मंगळवारी सकाळी सगळ्या शहराला पाण्यात क्लोरीन नाही असं वाटत होतं. लॅबताईला तसं वाटत होतं. शिपाईमामांना तर इतकं खरं वाटलं की त्यांनी थेंब टाकले नाहीत. खुद्द काकांनासुद्धा खात्री नव्हती. एकच माणूस असा होता, ज्याने मेलेले मासे पाहून विचारलं, थेंब का नाही टाकलेस? पाण्यात क्लोरीन आहे हे त्या सकाळी फक्त तुम्हाला ठाऊक होतं, साहेब. म्हणूनच दुसरे नमुने निघायच्या आत टाक्यांत पावडर ओतायची तुम्हाला घाई झाली. मग त्यांत क्लोरीन निघाला तरी तो पावडरीचाच वाटला असता."

यंत्रसाहेब खिडकीबाहेर, आवरणाखालच्या यंत्राकडे बघत राहिला. मग खाली बसला.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "एकेक नळी मी स्वतः जोडली. परदेशी यंत्राच्या तोडीचं आहे ते. आणि एका सहीसाठी अडलं होतं. काका महिन्याने निवृत्तच होणार होते. पण त्यांचा शेरा फायलीत असेपर्यंत नवा माणूसही सही करणार नव्हता. मला वाटलं, कामावर झोपणाऱ्याच्या शेऱ्याला मग कोण विचारतं? शहराचं नुकसान होणार नव्हतं. पाणी शुद्धच होतं."

"रुग्णालयातल्या पेशंटांना जाऊन सांगा ते," लॅबताई ताडकन म्हणाली.

नाककाका उठले, टेबलाशी आले, ते कोरं झालेलं पात्र उचलून उजेडात धरलं. "म्हणजे मी चावी फिरवली होती," ते म्हणाले.

"फिरवली होती काका."

"नीट?"

"दहा किलो, एक तासही न चुकता."

काकांनी पात्र खाली ठेवलं आणि यंत्रसाहेबाकडे वळले. सगळ्यांना वाटलं, आता हे बोलणार. बोललेही. "तुमचं यंत्र वाईट नाही साहेब. खरं सांगतो, मी एवढ्या वर्षांत असं काम पाहिलं नाही. फक्त झडप उशिरा बंद होते. सहा सेकंद. मी शेऱ्यात तेवढंच लिहिलं होतं. तुम्ही एकदा विचारलं असतंत तर आपण दोघांनी बसून दुरुस्त केली असती."

यंत्रसाहेबाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याला जी शिक्षा पुढे व्हायची ती झालीच, पण या वाक्याइतकी ती त्याला लागली असेल असं डुलकीला वाटत नाही.

अहवाल पाचला पाच कमी असताना गेला.

७

सोमवारी डुलकी मुख्यालयात परत जायला निघाला, पण जाता जाता केंद्रात डोकावला. नाककाका दिवसपाळीवर होते. लॅबताई नमुने तपासत होती आणि आयोडीनबाई खुर्ची टाकून तिच्या कामात चुका काढत होत्या. एकही सापडत नव्हती, त्यामुळे त्या खूश होत्या.

"काका, नाक काय म्हणतंय?" डुलकीने विचारलं.

"साबणाचा वास आला काल." काका हसले, पण नीट नाही. "पाण्याचं अजून पाहिलं नाही."

पाहिलं नाही म्हणजे धीर झाला नाही, हे तिघांनाही कळलं. बाई उठल्या. नळाचं पाणी एका पेल्यात घेतलं, अर्धं लॅबताईला दिलं, अर्धं काकांपुढे धरलं. "घ्या. वर्गात मी कुणाला परीक्षा चुकवू दिली नाही."

काकांनी पेला दोन्ही हातांत घेतला, नाकाखाली धरला आणि डोळे मिटले. लॅबताईने तिच्या पाण्यात आम्ल घातलं, आयोडाइड घातलं, स्टार्च घातला. पात्रात हळूहळू निळा रंग चढला. डुलकी त्याच्याकडे बघत राहिला. थोरला भाऊ धाकट्याच्या हातातलं हिसकावत होता, आणि ते बघायला त्याला आता कुणी जागं करायची गरज नव्हती. लॅबताईने पात्र रंगांच्या पट्टीशी धरून पाहिलं, पण आकडा बोलली नाही.

"शून्य पॉइंट चार," काका डोळे मिटूनच म्हणाले. "चारच्या किंचित वर."

लॅबताईने पट्टी सगळ्यांना दाखवली. चार आणि पाचच्या मधे, चारला लागून.

काकांनी पेला खाली ठेवला, खिशातून रुमाल काढला आणि डोळे टिपले. "क्लोरीन गेला वाटतं डोळ्यांत," ते म्हणाले.

एवढ्याशा क्लोरीनने डोळ्यांत पाणी येत नाही, हे आता डुलकीलाही ठाऊक होतं.